बर्लिनमधली एक बैठक: योहानेस श्टाइनहॉफ आणि १९४५ चं वैमानिकांचं बंड

पार्श्वभूमी

जानेवारी १९४५ मध्ये काही जर्मन लढाऊ वैमानिक अधिकारी आपल्याच हवाई दलाच्या सरसेनापतीसमोर तक्रारी घेऊन उभे राहिले. त्यालाच वैमानिकांचं बंड म्हणतात. त्यांतला एक, कर्नल योहानेस श्टाइनहॉफ, तेव्हा ३१ वर्षांचा होता. थुरिंगियातल्या बोटेनडॉर्फ गावचा हा मुलगा येना विद्यापीठात भाषांचा अभ्यास करायला गेला होता. पैसे पुरेनात म्हणून शिक्षण अर्धवट सोडून १९३४ मध्ये तो नौदलात शिरला आणि तिथून नव्याने उभ्या राहणाऱ्या लुफ्तवाफेत, म्हणजे जर्मन हवाई दलात गेला. युद्ध संपेपर्यंत त्याच्या खात्यावर ९९३ उड्डाणं आणि शत्रूची १७६ विमानं पाडल्याची नोंद होती. त्याचं स्वतःचं विमान १२ वेळा पाडलं गेलं. पैकी एकदाच त्याने हवाई छत्रीने उडी मारली, एरवी मोडकं विमान घेऊनच तो खाली उतरला.

जर्मन वैमानिकांवरचं लेखन बहुतेक वेळा अशा आकड्यांतच रमतं. इथे ते दिले एवढ्याचसाठी, की आपण बोललो तर वरच्यांना ऐकावंच लागेल असं या माणसांना का वाटलं, ते कळावं. छातीवर सर्वोच्च पदकं आणि समोरचा सरसेनापती हेरमान गोअरिंग स्वतः पहिल्या महायुद्धातला नावाजलेला लढाऊ वैमानिक. वैमानिकाचं दुखणं वैमानिकालाच कळणार, असा त्यांचा हिशेब होता.

श्टाइनहॉफला गोअरिंगचा अनुभव मात्र आधीपासून होता. १९४३ च्या जूनमध्ये सिसिलीत तो ७७ व्या लढाऊ दलाचा प्रमुख होता. २५ जूनला अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी मेसिनावर मोठा हल्ला केला. दमलेल्या, विमानं अपुरी असलेल्या जर्मन तुकड्यांना तो रोखता आला नाही. त्यावर गोअरिंगचा हुकूम आला: हल्ल्यात भाग घेतलेल्या प्रत्येक गटातून एका वैमानिकावर भेकडपणाबद्दल लष्करी खटला चालवा. कुणावर, ते गटाने ठरवायचं. श्टाइनहॉफने स्वतःचं नाव पुढे केलं. पुढे ते प्रकरण थंडावलं, पण ‘भेकड’ हा शब्द मागे राहिला. दीड वर्षाने बर्लिनमध्ये जे घडलं त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या शब्दात आहे.

प्रश्न काय होता

१९४४ च्या मे महिन्यापासून अमेरिकी विमानं जर्मनीच्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर तुटून पडली. विमानांच्या इंधनाचं उत्पादन एप्रिलमध्ये सुमारे १,७५,००० टन होतं. सप्टेंबरपर्यंत ते १०,००० टनांच्याही खाली गेलं. इंधन नाही म्हणून प्रशिक्षण नाही, आणि प्रशिक्षण नाही म्हणून पोरं पहिल्या-दुसऱ्या उड्डाणातच मरत होती. मित्रराष्ट्रांचा वैमानिक तीनशेहून जास्त तास उडून आघाडीवर यायचा, तर जर्मन पोरगा शंभर-सव्वाशे तासांत.

लढाऊ दलाचा मुख्य निरीक्षक अ‍ॅडॉल्फ गॅलांड याने राखीव विमानं साठवून एकदाच मोठा तडाखा देण्याची योजना आखली होती. ती विमानं त्याच्या हातून काढून डिसेंबरच्या आर्देन मोहिमेत, म्हणजे पश्चिम आघाडीवरच्या जर्मन प्रतिहल्ल्यात वापरली गेली. वर १ जानेवारी १९४५ ला भल्या सकाळी बेल्जियम, हॉलंड आणि उत्तर फ्रान्समधल्या मित्रराष्ट्रांच्या विमानतळांवर एकाच वेळी हल्ला झाला. गुप्ततेचा अतिरेक असा की स्वतःच्या विमानभेदी तोफखान्यालाही नीट पूर्वसूचना नव्हती, आणि त्यानेच आपली काही विमानं पाडली. जर्मनीची सुमारे ३०० विमानं गेली. दोनशेहून अधिक वैमानिक ठार, बेपत्ता किंवा कैद झाले, त्यांत अनुभवी तुकडीप्रमुखही होते. मित्रराष्ट्रांनी विमानं आठवड्याभरात भरून काढली. माणसं त्यांची फारशी गेलीच नव्हती.

खापर फुटलं लढाऊ वैमानिकांवर. गॅलांडला पदावरून दूर केलं गेलं. त्याच सुमारास श्टाइनहॉफलाही जेट विमानांच्या पहिल्या लढाऊ दलाच्या, म्हणजे ७ व्या दलाच्या प्रमुखपदावरून हटवण्यात आलं. हे दल तो जेमतेम उभं करत होता. त्यातच नवी मेसरश्मिट-२६२ जेट विमानं मोठ्या संख्येने बॉम्बफेकी दलांतल्या वैमानिकांकडे जाऊ लागली. त्या दलांचा प्रमुख डीट्रिश पेल्त्स होता, आणि १ जानेवारीचा हल्ला त्याच्याच आखणीतला.

एका बाजूला हे खरे, मोजता येणारे प्रश्न, दुसऱ्या बाजूला भेकडपणाचा आरोप आणि लाडक्या प्रमुखाची गच्छंती. श्टाइनहॉफ आणि त्याच्या साथीदारांच्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

कोणते मार्ग होते

गप्प राहून लढत राहणं हा सर्वात सोपा मार्ग, आणि बहुतेकांनी तोच धरला. राजीनाम्याची सोय युद्धात नव्हती. फार तर आघाडीवर बदली मागून घेता आली असती, म्हणजे पुन्हा तेच.

थेट हिटलरकडे जायचं, हा दुसरा विचार. गोअरिंगला ओलांडून त्याच्यापर्यंत पोचणं कठीण, आणि पोचल्यावर काय होईल याचा भरवसा नाही. २० जुलै १९४४ चा हिटलरवरचा बॉम्बहल्ला फसून सहाच महिने झाले होते. ‘कट’ या शब्दाचा नुसता वास आला तरी माणसासकट त्याच्या कुटुंबाला उचललं जात होतं. या मंडळींनी जे काही केलं ते निष्ठेची भाषा न सोडता केलं. त्याचं एक कारण भीती हे होतंच. दुसरं कारण असं की त्यांतले बरेचजण खरोखरच निष्ठावान होते.

तिसरा मार्ग म्हणजे कुणा ज्येष्ठाला पुढे करणं. त्यांची निवड पूर्व आघाडीवरच्या ६ व्या हवाई ताफ्याचा सेनापती रॉबर्ट रिटर फॉन ग्राइम याच्यावर पडली. वैमानिकांत त्याला मान होता आणि हिटलरचाही त्याच्यावर विश्वास होता. त्याने ऐकून घेतलं, पण स्वतः पुढे व्हायला नकार दिला. हा प्रसंग या प्रकरणात निर्णायक ठरला असं मला वाटतं. ग्राइम नाही म्हणाला त्या क्षणी यांच्याकडे वजन उरलं नाही, उरली ती फक्त तक्रार. थांबून फेरविचार करायची जागा ती होती. पण तोवर गाडं पुढे गेलं होतं. हवाई दलाच्या मुख्यालयात, जनरल स्टाफचा प्रमुख कार्ल कोलर याच्यापर्यंत बोलणं पोचलं होतं आणि गोअरिंगने भेटायचं कबूल केलं होतं.

मग राहिला तो चौथा मार्ग: गोअरिंगसमोर उभं राहून गोअरिंगबद्दल बोलायचं.

बैठक

जानेवारीच्या उत्तरार्धात बर्लिनच्या ‘हाउस डेअर फ्लीगर’मध्ये ही बैठक झाली. मुळात प्रशियाच्या विधिमंडळाची असलेली ही इमारत गोअरिंगने वैमानिकांच्या क्लबासाठी घेतली होती. आज तिथे बर्लिन शहर-राज्याचं विधिमंडळ भरतं. बोलायची जबाबदारी कर्नल ग्युंथर ल्युत्सोवने घेतली. लष्करी घराण्यातला, शांत, ३२ वर्षांचा अधिकारी. सोबत श्टाइनहॉफ, हानेस ट्राउटलॉफ्ट, गुस्टाफ र्‍योडेल आणि एडुआर्ड नॉयमान होते. गॅलांडला बोलावलंच नव्हतं.

ल्युत्सोवने मुद्दे लिहून आणले होते. मध्येच तोडलंत तर या चर्चेला अर्थ उरणार नाही, हे त्याने सुरुवातीलाच राइशमार्शलला, म्हणजे गोअरिंगला, सांगितलं. मुद्दे थोडक्यात असे: गॅलांडला परत आणा, जेट विमानं लढाऊ वैमानिकांच्या हाती द्या, बॉम्बफेकी दलाच्या लोकांचा सल्ला बाजूला ठेवा, आणि वैमानिकांना भेकड म्हणणं थांबवा.

गोअरिंगने शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. हे बंड आहे, असं तो ओरडला. ल्युत्सोवला गोळ्या घालण्याची धमकी दिली आणि बाहेर निघून गेला.

मुद्द्यांची ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. चारपैकी दोन मागण्या माणसांबद्दल होत्या: गॅलांड हवा, पेल्त्स नको. चौथी मानापमानाची. धोरणाबद्दलची मागणी एकच. इंधन आणि प्रशिक्षण, म्हणजे ज्यामुळे पोरं खरोखर मरत होती ते, यादीच्या केंद्रस्थानी नव्हतं. समोरच्याला ही यादी एका टोळक्याने आपल्या म्होरक्यासाठी घातलेला दबाव वाटली असेल, तर तो फक्त गोअरिंगच्या बुद्धीचा दोष म्हणता येणार नाही.

लगेचचा परिणाम

ल्युत्सोवची रवानगी उत्तर इटलीत, नॉयमानच्या जागी झाली. तिथे लढाऊ विमानं जवळजवळ उरलीच नव्हती. श्टाइनहॉफला बर्लिनमधून दूर राहायला सांगितलं गेलं. या सगळ्यामागे गॅलांडच आहे असं गोअरिंगने ठरवलं. त्याच्यामागे चौकशी लागली, तो नजरकैदेत गेला. अखेर हिटलरने मध्ये पडून ते थांबवलं आणि गॅलांडला जेट विमानांची एक छोटी तुकडी उभारायची परवानगी मिळाली. तुमची जेट लढाऊ म्हणून एवढी चांगली आहेत ना, मग दाखवा करून, असा तो प्रकार होता. पडेल वैमानिक, हकालपट्टी झालेले अधिकारी आणि रुग्णालयांत बरे होत असलेले जुने लोक गोळा करायचं काम श्टाइनहॉफने केलं. जनरलच्या हुद्द्याचा गॅलांड आता डझनभर विमानांचा तुकडीप्रमुख झाला होता. मार्चच्या अखेरीस ही तुकडी म्युनिकजवळच्या रीम विमानतळावर आली.

१८ एप्रिल १९४५. धावपट्टीवरचे बॉम्बचे खड्डे घाईने बुजवलेले. उड्डाण घेताना श्टाइनहॉफच्या जेटचं चाक तिथे निखळलं, विमान हवेत पुरेसं चढलं नाही आणि पुढे आदळून पेटलं. टाक्या इंधनाने भरलेल्या, पंखांखाली २४ रॉकेटं. तो जळत बाहेर पडला. चेहरा ओळखू येणार नाही इतका भाजला होता, पापण्या गेल्या होत्या. त्या पुन्हा बसवल्या गेल्या त्या कित्येक वर्षांनी, आणि तोवर त्याला झोपतानाही डोळे पूर्ण मिटता येत नव्हते. सहा दिवसांनी, २४ एप्रिलला, इटलीहून परतून याच तुकडीत आलेला ल्युत्सोव दोनाउव्होर्टच्या बाजूला उडताना बेपत्ता झाला. तो कधीच सापडला नाही.

मागणी बरोबर होती का

युद्धानंतर बरीच वर्षं एक कथा चालली: हिटलरने मेसरश्मिट-२६२ ला बॉम्बफेकी विमान करायचा हट्ट धरला, म्हणून ते उशिरा आलं, नाहीतर आकाशातलं चित्र बदललं असतं. गॅलांडने ती हिरिरीने सांगितली. हट्ट खरा होता. पण उशिराचं मोठं कारण इंजिन होतं. निकेल आणि क्रोमियमच्या टंचाईमुळे त्याचं युमो-००४ इंजिन हलक्या प्रतीच्या धातूंत बनवावं लागलं. १९४४ च्या मध्यापर्यंत त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरूच झालं नव्हतं, आणि झाल्यावरही ते दहा ते पंचवीस तासांत बदलावं लागे. सुमारे १,४०० जेट बांधली गेली, त्यांतली थोडीच प्रत्यक्ष लढाईत उतरली. जेट कुणाच्या हाती द्यायची यावर भांडणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तरी त्या मागणीत तथ्य नव्हतं असं नाही. ९ फेब्रुवारीला बॉम्बफेकी दलातून जेटवर आलेल्या ५४ व्या दलाची अमेरिकी लढाऊ विमानांशी गाठ पडली आणि त्यांनी एका दिवसात प्रमुखासकट अनेक विमानं गमावली. ल्युत्सोवचा मुद्दा तीनच आठवड्यांत खरा ठरला. पण लष्करीदृष्ट्या त्याने काहीच बदललं नसतं. १२ जानेवारीला सोव्हिएत फौजा विस्टुला ओलांडून निघाल्या होत्या आणि महिनाअखेर त्या ओडरवर, बर्लिनपासून ७० किलोमीटरच्या आत येऊन थांबल्या.

आता या प्रकरणातला सर्वात अवघड भाग. जेट विमानांचे सांगाडे ऑस्ट्रियातल्या गूझेन छळछावणीचे कैदी डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांत बनवत होते, आणि तिथे ते हजारोंनी मेले. हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण ट्राउटलॉफ्टचं काय? बुखेनवाल्ड छळछावणीत मित्रराष्ट्रांचे १६८ वैमानिक युद्धकैदी न मानता डांबले होते. १९४४ च्या शरदात तो तिथे गेला, त्यांना कुंपणाआड पाहिलं, आणि त्याच्या खटपटीने ऑक्टोबरमध्ये त्यांतले बहुतेक हवाई दलाच्या युद्धकैदी छावणीत हलवले गेले. त्यांचे प्राण त्यामुळे वाचले. हे मोठंच काम. पण त्याच कुंपणाआड बाकीचे हजारो होते आणि ते तिथेच राहिले. तीन महिन्यांनी तोच माणूस गोअरिंगसमोर उभा होता. विषय होता जेट विमानांचं वाटप.

या बंडाला ‘बंड’ म्हणताना मला म्हणूनच अडखळायला होतं. युद्ध थांबवा, असं त्यांतलं कुणी म्हटलं नाही. हरत असलेलं युद्ध अधिक कौशल्याने लढू द्या, एवढंच मागणं होतं. ते पुरं झालं असतं तर छावण्या आणखी काही दिवस चालल्या असत्या.

वीस वर्षांनी, दुसरी वेळ

रुग्णालयातून सावरल्यावर १९५० च्या दशकात श्टाइनहॉफ पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याच्या उभारणीत आला. ट्राउटलॉफ्टही आला. १९६० च्या दशकात या हवाई दलाचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जात होतं: एफ-१०४ स्टारफायटर. स्वच्छ हवेत उंचावर झेपावण्यासाठी घडवलेलं हे अमेरिकी विमान जर्मनांनी खालून उडणारं बॉम्बफेकी विमान म्हणूनही वापरायचं ठरवलं. त्यात भरपूर यंत्रणा कोंबल्या आणि वैमानिकांना अ‍ॅरिझोनाच्या निरभ्र आकाशात शिकवून राइनच्या ढगांत आणलं. १९६६ च्या मध्यापर्यंत ६१ विमानं पडली होती आणि ३५ वैमानिक गेले होते. लोक त्याला ‘विधवा करणारं विमान’ म्हणत. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख व्हेर्नर पानित्स्कीने ही खरेदी राजकीय होती असं जाहीरपणे म्हटलं आणि त्याला जावं लागलं.

जागा श्टाइनहॉफला देऊ केली गेली. परिस्थिती ओळखीची होती: मरणारे तरुण वैमानिक, वर न ऐकणारे लोक, आणि नुकताच घालवलेला प्रमुख. या वेळी पद घेण्याआधीच त्याने संरक्षणमंत्री काय-उवे फॉन हासेलपुढे अटी ठेवल्या. स्टारफायटरबाबतचे अधिकार विखुरलेले होते, ते त्याला एका हाती हवे होते. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रुजू झाला. देखभालीची शिस्त, जर्मन हवामानातला सराव आणि तंत्रज्ञांची कमतरता या कंटाळवाण्या गोष्टींना त्याने हात घातला. १९६७ मध्ये सगळ्या विमानांत आधीच्या आसनाऐवजी मार्टिन-बेकरचं बाहेर फेकणारं आसन बसवायचं ठरलं. अपघातांचं प्रमाण खाली आलं, पण थांबलं नाही. शेवटी ९१६ पैकी २९२ विमानं गेली आणि ११६ वैमानिक मेले.

पुढे १९७१ ते १९७४ तो नाटोच्या लष्करी समितीचा अध्यक्ष होता. १९९४ मध्ये तो वारला. १९९७ पासून रोस्टॉकजवळच्या लागे इथलं ७३ वं दल त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा समकालीन लढाऊ वैमानिक व्हेर्नर म्योल्डर्स याचं नाव स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या जर्मन कोंडोर दलातल्या सहभागामुळे २००५ मध्ये दुसऱ्या एका दलावरून काढलं गेलं. श्टाइनहॉफ त्या युद्धात नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

१९६६ ची तुलना १९४५ ला लावायची तर सांभाळून लावावी लागते. संसद, वर्तमानपत्रं आणि मंत्र्याला जाब विचारणारा विरोधी पक्ष असलेल्या देशात अट घालता येते. गोअरिंगला घालता येत नव्हती. तरीही काही जागा दिसतात.

गॅलांडची मागणी यादीत घेणं ही डावपेचांतली चूक होती. ती वगळली असती तर कट केल्याचा आरोप करायला गोअरिंगला निमित्त कमी मिळालं असतं आणि गॅलांडही कदाचित नजरकैदेत गेला नसता. ग्राइमच्या नकारानंतर बैठक टाळता आली असती, हे वर आलंच आहे.

पण माझ्या मते त्यांच्या हातातली खरी सत्ता बर्लिनमध्ये नव्हतीच. ती स्वतःच्या धावपट्टीवर होती. आज कुठली विमानं उडण्याजोगी आहेत, कुठला पोरगा तयार आहे आणि कुठला नाही, हे दलाचा प्रमुख ठरवत असे. इंधनाची टंचाई हे तर आयतं कारण होतं. शंभर तास उडालेल्या मुलाला जमिनीवर ठेवायला राइशमार्शलची परवानगी लागत नव्हती. पकडलं गेल्यास शिक्षा कडक होती, पण बर्लिनला जातानाही गोळी खायची तयारी ठेवूनच ते गेले होते. श्टाइनहॉफने हा मार्ग धरला नाही. एप्रिलमध्ये, अमेरिकी फौजा बव्हेरियाच्या दाराशी असताना, तो स्वतः रॉकेटं लावून उडायला निघाला आणि इतरांनाही त्यानेच गोळा करून आणलं होतं.